सत्तर रुपयांचा बल्ब आणि देवघरातला झिरो

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी राहतात, शाळेत शिकवतात. घरात सासू-सासरे, यजमान आणि दहावीतली मुलगी. गेल्या रविवारी कॉलनीच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. ‘सरकारी योजनेतले एलईडी बल्ब, ९ वॅट, ७० रुपये, ३ वर्षांची गॅरंटी. येताना लाइट बिल आणि आधार कार्ड घेऊन या.’ बल्ब बदलले की बिल निम्म्यावर येईल, असंही विकणाऱ्याने सांगितलं. टेम्पो येत्या रविवारी पुन्हा येणार आहे.

सासूबाईंना वीस बल्ब घ्यायचे आहेत. दहा घरच्या बिलावर आणि दहा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या बिलावर, कारण ‘पुन्हा या भावात मिळायचे नाहीत’. यजमान म्हणतात, सरकारी माल सहा महिन्यांत उडतो, आणि आपल्यासारख्यांनी सबसिडीच्या रांगेत उभं राहणं शोभत नाही. सासऱ्यांना पांढरा उजेड डोळ्यांत खुपतो. देवघरातल्या झिरोच्या बल्बला तर कोणी हात लावायचा नाही, ‘तो काय खातो?’ ताईंनी घरातल्या दिव्यांची यादी जोडली आहे, महिन्याला १८० च्या आसपास युनिट येतात हेही लिहिलं आहे. त्यांना विचारायचं आहे ते असं: ‘घ्यावेत का? आणि घेतले तर गरिबाच्या वाट्याचं घेतल्यासारखं होईल का? काढलेले पिवळे बल्ब आमच्या कामाच्या मावशींना द्यायचं मनात आहे, म्हणजे निदान तेवढी टोचणी कमी होईल.’

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे यादी. कुठल्या खोलीत कोणता दिवा आणि तो साधारण किती तास चालतो, एवढं लिहून काढलंत म्हणजे निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. पण आधी ती टोचणी बघू, कारण ती ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूतच मला तपासून बघावीशी वाटते.

तुम्ही, तुमचे यजमान आणि बहुधा तो टेम्पोवालाही धरून चालला आहात की ७० रुपयांचा बल्ब म्हणजे सबसिडीचा बल्ब. खरी किंमत तीनशे, वरचे सरकार भरतं, आणि ते पैसे कुणाच्या तरी तोंडचे काढलेले. ज्या सरकारी योजनेतून असे बल्ब विकले गेले ती उजाला योजना अशी नव्हती. ५ जानेवारी २०१५ ला ती सुरू झाली. ती चालवणारी ईईएसएल (एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड) ही एनटीपीसी, पॉवर ग्रिड, पीएफसी आणि आरईसी या वीज क्षेत्रातल्या चार सरकारी कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये काढलेली कंपनी. तिने केलं ते एवढंच, की देशभराची मागणी एकत्र करून कोट्यवधी बल्बांची निविदा काढली. २०१४ च्या सुरुवातीला तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये तोच करांशिवाय ३८ रुपयांना मिळू लागला. मधल्या काळात एलईडीची चिपही जगभर स्वस्त झाली, पण एवढी घसरण मुख्यतः घाऊक खरेदीची करामत आहे. केंद्राने प्रत्येक बल्बमागे अनुदान दिलं, असा प्रकार त्यात नव्हता. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजायची, रोख किंवा बिलातून हप्त्याने, आणि ईईएसएलने त्यातून आपला खर्च काढून घ्यायचा.

तेव्हा तुम्ही ७० रुपये देऊन बल्ब घेतलात तर कुणाच्या ताटातलं काही उचलत नाही. या योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. तेवढे बल्ब फक्त गरिबांच्या घरी गेलेले नाहीत, आणि जावेत अशी अटही नव्हती. मुळात योजनेची गरज वीज पुरवणाऱ्यांना तुमच्याइतकीच होती. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत सगळ्या घरांचे दिवे एकदम लागतात आणि तेवढ्या तीन तासांच्या भारासाठी वीज केंद्रं, तारा, ट्रान्सफॉर्मर सगळं सज्ज ठेवावं लागतं. त्या वेळी तुमच्या घरात ६० ऐवजी ९ वॅट जळले तर त्यांचाही ताण उतरतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. २०२१ मध्ये ग्राम उजाला नावाची वेगळी योजना निघाली. तिच्यात बल्ब अवघा १० रुपयांना मिळायचा. बदल्यात जुना, चालू स्थितीतला पिवळा बल्ब जमा करायचा, एका घराला जास्तीत जास्त पाच. ती खेड्यातल्या कुटुंबांसाठी होती, आपल्याकडे नागपूर भागातल्या गावांत आली होती, आणि दहा रुपयांवरचा खर्च कार्बन क्रेडिट (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) विकून भरून काढायची कल्पना होती. तिथे कोणी शहरातला बंगलेवाला गावच्या चुलत्याच्या नावावर बल्ब उचलू लागला तर ती टोचणी रास्त आहे. तुमच्यासमोरचा बल्ब सत्तरचा आहे, दहाचा नाही.

आता शोभण्या-न शोभण्याबद्दल. यजमानांशी यावर वाद घालू नका. ते चुकलेत ते रांगेबद्दल नाही, सबसिडीबद्दल. शिवाय आज परिस्थिती अशी आहे की चांगल्या कंपनीचा ९ वॅटचा बल्ब कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही शंभरच्या आत-बाहेर मिळतो. योजनेचं खरं यश हेच म्हणायला हवं, की तिच्यामुळे एक मोठा ग्राहकवर्ग तयार झाला आणि बाजारातले भावच उतरले. त्यामुळे रविवारी टेम्पो आला नाही, किंवा तुम्हाला त्याची खात्री पटली नाही, तरी तुमचं काही बुडत नाही. सासूबाईंना हे जरूर सांगा. ‘पुन्हा मिळायचे नाहीत’ ही घाई दहा वर्षांपूर्वी ठीक होती.

खात्रीचं म्हणाल तर तो माणूस खरा असेलही. पूर्वी अशी विक्री महावितरणच्या कार्यालयांत आणि फिरत्या काउंटरवर होत असे, आणि बिलाची प्रत मागितली जाई हेही खरं. पण हप्त्याने न घेता रोख पैसे देणार असाल तर बिल कशाला, हे त्याला विचारा. आधारची झेरॉक्स देऊ नका, बोटाचा ठसा नको, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तर कोणालाच सांगू नका. सत्तर रुपयांच्या वस्तूला त्यातलं काहीही लागत नाही. पावती मात्र हवीच, तिच्यावर तारीख आणि विकणाऱ्याचा पत्ता हवा. शंका वाटली तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात जाऊन ‘आमच्या भागात अशी विक्री चालू आहे का’ एवढं विचारून या. शाळेच्या मधल्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे.

भाडेकरूच्या बिलावर दहा बल्ब घेणं मला अजिबात पटत नाही, आणि तेही नैतिकतेचा मोठा आव न आणता. हप्त्याची सोय असते तिथे दरमहा दहा-दहा रुपये त्या ग्राहक क्रमांकाच्या बिलात लागतात. म्हणजे बल्ब तुमच्या माळ्यावर आणि हप्ता त्यांच्या बिलात. रोख घेतलेत तरी त्यांच्या नावावरचा कोटा संपला आणि उद्या ते स्वतः गेले तर काय सांगणार? त्यापेक्षा त्यांनाच विचारा, ‘टेम्पो येतोय, तुम्हाला हवेत का?’

आणि वीस बल्ब लागतातच कुठे? तुमच्या यादीवर मी पेन्सिल घेऊन बसले. तेवढी आकडेमोड इथे मांडते, कारण इतर वाचकांनाही आपापल्या घरी ती करता येईल. हिशेब सोपा आहे. वॅट गुणिले दिवसाचे तास गुणिले तीस, भागिले हजार, की महिन्याची युनिट.

मागच्या पडवीतला ६० चा पिवळा बल्ब रोज पाच तास चालतो: महिन्याला ९ युनिट. त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला तर १.३५. साडेसात युनिट सुटली. स्वयंपाकघरातला १०० चा बल्ब चार तास: १२ युनिट. इथे मात्र एक सूचना. ६० च्या पिवळ्या बल्बला ९ वॅट पुरून उरतो, पण १०० च्या जागी ९ वॅट लावलात तर ओट्यावर अंधारल्यासारखं वाटेल आणि तुम्ही एलईडीच्याच नावाने बोटं मोडाल. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. ९ वॅटचा चांगला एलईडी साधारण ९०० ल्युमेन देतो, १०० चा जुना बल्ब तेराशेच्या वर. तिथे १२ ते १४ वॅटचा घ्या. तरी दहा युनिट वाचतात. न्हाणीघरातला ६० चा रोज जेमतेम तासभर, तो बदलला तर दीड युनिट सुटतं. जिन्यातला तर दिवसातून अर्धा तासही लागत नाही. त्याला सध्या हात लावूच नका, उडेल तेव्हा बदला.

खोल्यांतले चार सीएफएल (वळलेल्या नळीचे बल्ब) १५ वॅटचे आहेत. ते काढून ९ चे लावले तर चारही मिळून महिन्याला तीन युनिटही सुटत नाहीत. चालू आहेत तोवर चालू द्या. पैसे वाचवण्याच्या भरात चालती वस्तू काढून टाकण्यात काही बचत नाही.

आता तो झिरो. नाव झिरो असलं तरी जुना काचेचा झिरोचा बल्ब १५ वॅटच्या आसपास वीज घेतो. एखादा तास लागला तर कोणाच्या लक्षात यायचं नाही. पण तुमच्या देवघरात तो चोवीस तास असतो. १५ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे १०.८ युनिट. पडवीतल्या ६० च्या बल्बपेक्षा जास्त! सासरे विचारतात तो काय खातो, तर तुमच्या घरातल्या चार सीएफएलना मिळून लागत नाही एवढं तो एकटा खातो. हाच लहान आकाराचा एलईडी झिरो अर्ध्या वॅटचा मिळतो, लाल, पिवळा, हवा त्या रंगात. तो चोवीस तास लावला तरी महिन्याला अर्धं युनिटही होत नाही.

वयाने मोठ्या माणसाला हे तोंडी सांगून पटत नाही, आणि पटू नये हेही बरोबरच आहे. त्यांनी अशी आश्वासनं खूप ऐकलीत. त्यांना मीटरपाशी घेऊन जा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकाट ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० हा आकडा सापडतो, तुमच्यावर वेगळाही असेल, वाचून बघा. सकाळी दहा मिनिटं घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लगसुद्धा काढा. भाडेकरूंचा मीटर वेगळा आहे ना, तेही पाहा. मग पडवीतला ६० चा एकटा बल्ब लावा. ३२०० चा मीटर असेल तर लाल दिवा साधारण १९ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. तोच बल्ब काढून तिथे ९ वॅटचा लावा. आता दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटांहून जास्त वेळ जाईल. इतका की मीटर बंद पडला की काय असं वाटावं. शेवटी फक्त देवघरातला झिरो ठेवा. सव्वा मिनिटाला एक. मुलगी दहावीत आहे, मोबाइलचं स्टॉपवॉच तिच्या हातात द्या. विजेचा धडा तिला अभ्यासाला आहेच, आणि आजोबांना तिचं म्हणणं तुमच्यापेक्षा लवकर पटेल असा माझा कयास आहे.

उजेड खुपतो हे मात्र सासऱ्यांचं खरं आहे, आणि ते हट्टाने बोलतायत असं समजू नका. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि धुरकट होतं, बाहुली लहान होते. त्यामुळे वाचायला उजेड जास्त लागतो, आणि त्याच वेळी डोळ्यावर येणारा झगमगाट सोसत नाही. दोन्ही एकदम. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच. योजनेतले बल्ब पांढऱ्या, निळसर झाकेच्या उजेडाचे असत, खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप). त्यांना २७०० किंवा ३००० के असं लिहिलेला, ‘वॉर्म व्हाइट’ म्हणतात तो पिवळ्या उजेडाचा एलईडी आणून द्या. रंग जवळजवळ जुन्या बल्बसारखाच. तो टेम्पोत मिळणार नाही बहुधा, दुकानात मिळेल. पडवीत पेपर वाचायला बसतात ती खुर्ची अशी फिरवा की बल्ब समोर न येता उजेड खांद्यामागून यावा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे बरेच दिवसांत गेले नसतील तर तेवढं निमित्त करून घेऊन जा.

यजमानांच्या ‘सहा महिन्यांत उडतो’ या तक्रारीतही तथ्याचा अंश आहे, फक्त त्याचं कारण ‘सरकारी माल’ हे नाही. निविदेतून जे बल्ब घेतले गेले ते बाजारात नेहमी दिसणाऱ्या कंपन्यांचेच होते. एलईडीची चिप खोक्यावर लिहिल्याप्रमाणे पंचवीस हजार तास निघू शकते. आधी मरतं ते बल्बच्या बुडाशी असलेलं सर्किट, कारण त्यातला कपॅसिटर उष्णतेला भितो. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात, न्हाणीघरातल्या गच्च झाकणाच्या डबीत किंवा पत्र्याला चिकटून लावलेले बल्ब लवकर जातात. शिवाय आपल्याकडचा पिनवाला होल्डर. त्यातल्या स्प्रिंगा जुन्या होऊन ढिल्या पडल्या की बल्ब फुरफुरतो, ठिणगी पडते, पिना काळ्या होतात. तुमच्या पडवीतला होल्डर पिवळ्या बल्बच्या आचेने भाजून ठिसूळ झालेला असणार. नव्या बल्बबरोबर नवा होल्डरही बसवून घ्या. पंचवीस-तीस रुपयांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे दर सहा महिन्यांनी शिव्या बल्बला पडतात. घरात व्होल्टेज वारंवार वरखाली होत असेल, एक दिवा लावला की दुसरा मंद होत असेल, तर वायरमनकडून न्यूट्रल (विजेची परतीची तार) तपासून घ्या. ते प्रकरण बल्बपेक्षा गंभीर असतं, फ्रीजही जाऊ शकतो.

एलईडी लावल्यावर एक गंमत काहींच्या घरी होते आणि लोक घाबरतात. बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणत राहतो. बटणाला छोटा लाल दिवा असेल तर त्यातून झिरपणाऱ्या थेंबभर विजेवरही एलईडी उजळतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. तसं बटण नसेल तर मात्र फेजच्या (करंट आणणाऱ्या तारेच्या) जागी न्यूट्रलवर बटण बसवलेलं असण्याची शक्यता आहे. पिवळा बल्ब होता तोवर ते कळत नव्हतं. बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो, आणि बल्ब बदलताना हात लागला तर झटका बसतो. वायरमनला बोलवा.

खरेदी करताना खोक्यावर तीन गोष्टी बघा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, बीईईची (ऊर्जा दक्षता ब्यूरोची) तारे दाखवणारी पट्टी आणि ल्युमेनचा आकडा. नुसते वॅट मोठ्या अक्षरांत आणि ल्युमेन कुठेच नाही, असा बल्ब घेऊ नका. दुकानात लावून दाखवायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यापुढे धरा. पडद्यावर काळे पट्टे सळसळताना जोरात दिसले तर सर्किट हलकं आहे, वाचायच्या जागी तो बल्ब डोळ्यांना शिणवतो.

तर तुमच्या घराला लागतात किती? पडवीत एक, न्हाणीघरात एक, ओट्यावर एक मोठा, देवघरात एक अर्ध्या वॅटचा. चार. आणखी एखादा घरात असू द्या. सासूबाईंचे उरलेले पंधरा माळ्यावर पडून राहतील आणि त्यांची तीन वर्षांची गॅरंटी मात्र खरेदीच्या तारखेपासूनच संपत राहील. तिसऱ्या वर्षी काढलेला बल्ब आठवड्यात गेला तर कोणाकडे मागणार? टेम्पोला पत्ता नसतो. या एका बाबतीत मला दुकान जास्त भरवशाचं वाटतं. बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख लिहून ठेवायची आणि पावत्या एका पाकिटात ठेवायच्या, एवढं केलंत तर गॅरंटी नुसती खोक्यावर राहत नाही.

या चार बल्बांत महिन्याला तीसेक युनिट वाचतील. दोन जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या आहेत, त्यांना गुणगुणणारा जाडा चोक आहे असं तुम्ही लिहिलंय. तशी पट्टी चोकसकट ५५ वॅटच्या घरात घेते. त्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावली तर दोन्हींत मिळून आणखी दहा युनिट. म्हणजे १८० ची १४० होतील. निम्मं बिल नाही, पण वाचतात ती युनिट महाग असतात. महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटांना एक आणि त्यापुढच्या टप्प्याला बराच चढा. तुमची बचत वरच्या टप्प्यातून होते, आणि त्यावरचा वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) नि १६ टक्के वीज शुल्कही त्या प्रमाणात घटतं. स्थिर आकार तेवढा जसाच्या तसा राहतो, त्याला बल्बशी देणंघेणं नाही.

बिल निम्म्यावर आणायचं असेल तर मान वर करून छताकडे बघा. तुमच्याकडे तीन पंखे आहेत, साधे, ७५ वॅटचे. रोज दहा तास धरले तर ६७ युनिट. तुमच्या सगळ्या दिव्यांना मिळून लागतात त्याहून जास्त. बीएलडीसी मोटरचा (कमी वीज खाणाऱ्या नव्या धाटणीच्या मोटरचा) पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, तिन्ही बदलले तर महिन्याला ४० युनिट वाचतात. पण एकेक पंखा अडीच-तीन हजारांचा. ईईएसएलने पंखेही विकले होते, पण ३६ कोटी बल्बांसमोर पंख्यांचा आकडा २५ लाखांच्याही आत राहिला. सत्तर रुपये खिशातून सहज निघतात, हजारो निघताना हात थांबतो. तिन्ही एकदम घेऊ नका. जो सर्वांत जास्त फिरतो, बहुधा सासू-सासऱ्यांच्या खोलीतला, तो उन्हाळ्याआधी बदला आणि बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघा.

आता मावशी. इथे मी जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. काढलेले पिवळे बल्ब त्यांना देऊ नका.

त्यामागचा तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. आपल्याकडे घरातून निघालेली वस्तू कामाच्या बाईला देण्याची रीतच आहे, आणि साडी, डबा, गादी यांत काही बिघडत नाही. पण ६० चा बल्ब फुकट मिळाला तरी जळताना फुकट नसतो. त्यांच्या खोलीत तो पाच तास जळला तर ९ युनिट त्यांच्या बिलात. घरमालकाने सब-मीटर लावून मनाला येईल तो दर लावला असेल तर आणखी वाईट. आपण अडगळ काढली आणि त्यांच्या बिलात भर घातली. त्यांच्याकडे सध्या सीएफएल किंवा एलईडी असेल आणि ‘ताईंनी दिलाय’ म्हणून त्या तुमचा बल्ब लावतील, तर नुकसान पुरतंच. पत्रात तुम्ही गरिबाच्या वाट्याचा विचार केलात, म्हणून सांगते, तो वाटा खरोखर इथे जातो.

त्यापेक्षा त्यांना विचारा, घरी कुठले दिवे आहेत, होल्डर पिनचा की आट्याचा, बिल कोण भरतं. अजून पिवळे बल्ब असतील तर तुमच्या खरेदीत दोन जास्त घ्या आणि पावतीसकट त्यांना द्या. पावती महत्त्वाची, कारण बल्ब गेला तर दुकानात त्या स्वतः जाऊन बदलून मागू शकतील, तुमच्याकडे येऊन संकोचत उभं राहायला नको. आणि हे दान म्हणून नको. त्यांना पैसे द्यायचेच असतील तर घ्या. त्यांची बचत पुढच्या बिलापासूनच सुरू होते, तेवढं पुरे.

काढलेल्या पिवळ्या बल्बांपैकी एक जिन्यातल्यासाठी राखून ठेवा. बाकीचे कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात जाऊ द्या, त्यात काच आणि धातूखेरीज काही नसतं. सीएफएलचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या नळीत पारा असतो, थोडाच, पण असतो. ते जातील तसे खोक्यात जपून ठेवा आणि तुमच्या नगरपरिषदेची गाडी घरगुती घातक कचरा किंवा ई-कचरा वेगळा घेत असेल त्या दिवशी द्या. एलईडी बल्बात पारा नसतो, पण सर्किट असतं, तोही ई-कचऱ्यातच. सीएफएल घरात फुटला तर झाडू मारू नका. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी खोलीबाहेर राहा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवा. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, कारण अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा सीएफएलचा आहे असं तुमच्या यादीत दिसतं.